जुन्या मॉनिटरवर प्लेस्टेशन: पाचशेचं काम आणि त्याआधी वाया गेलेले आठशे तीस

उदगीरचं एक घर. बैठकीत एकच टीव्ही, आणि संध्याकाळी सात ते दहा तो आजीच्या मालिकांचा. अकरावीतल्या मुलाला पुण्याच्या चुलतभावाने वापरलेला प्लेस्टेशन 4 स्लिम हा गेम खेळायचा कन्सोल दिला. मामाच्या महा-ई-सेवा केंद्रात नवे संगणक आले होते, त्यामुळे अडगळीत पडलेला साडेअठरा इंची मॉनिटरही घरी आला. चित्र स्वच्छ, काचेवर ओरखडा नाही, किंमत शून्य. नवा टीव्ही घ्यायचा नाही हे घरात आधीच ठरलेलं.

अडचण मागच्या बाजूला होती. मॉनिटरला एकच तोंड, निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए. स्लिमच्या मागे वीज, लॅन, कॅमेऱ्याचं भोक आणि चित्र-आवाज एकाच केबलीतून देणारं एचडीएमआय, एवढंच. शिवाय मॉनिटरला स्पीकर नव्हते.

शेवटी हे सगळं 500 रुपयांत जमलं. पण त्याआधी 830 रुपये आणि तीन आठवडे गेले. ते कुठे गेले, ते नीट बघण्यासारखं आहे, कारण बहुतेकांचे पैसे याच ठिकाणी जातात.

पहिला प्रयत्न: लॅपटॉप

मॉनिटर यायच्या आधीच ताईचा लॅपटॉप वापरून बघितला होता. लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे, कन्सोललाही आहे, मधे केबल लावली की झालं, असा हिशेब. पडद्यावर काहीच आलं नाही. "दोन्हीकडं बसलीय की केबल, मग कामून येईना?" हा मुलाचा प्रश्न रास्तच होता.

लॅपटॉपचं एचडीएमआय हे चित्र बाहेर देणारं तोंड आहे, आत घेणारं नाही. कन्सोलचंही तसंच. दोन नळ एकमेकांना जोडले तर पाणी कुणाच्याच बादलीत पडत नाही. सेटिंग बदलून किंवा ड्रायव्हर टाकून हे बदलता येत नाही, कारण आत घेण्यासाठी लागणारी चिप त्या तोंडामागे बसवलेलीच नसते.

तरी लॅपटॉप घरात असेल तर एक फुकटचा मार्ग आहे. 'रिमोट प्ले' नावाचं सोनीचं अधिकृत ॲप विंडोज आणि मॅकवर चालतं. कन्सोलवरचा खेळ घरातल्या नेटवर्कवरून लॅपटॉपच्या पडद्यावर येतो, आणि कंट्रोलर यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडायचा. स्लिमवरून जास्तीत जास्त 720p, म्हणजे 720 ओळींचं, चित्र मिळतं. कन्सोल राउटरला लॅन केबलने जोडला तर बऱ्यापैकी चालतं. वायफायवर मात्र बटण दाबणं आणि खेळाडूने उडी मारणं यात जाणवेल इतका उशीर होतो. क्रिकेटच्या गेममध्ये बॅट नेहमी चेंडू गेल्यावर फिरते. या घरात राउटरच नव्हता, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागत होतं, म्हणून हा मार्ग मागे पडला.

180 रुपये: नुसती तार

उदगीरच्याच एका दुकानातून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी दीड मीटरची केबल आणली. दिसायला अगदी हवी तशीच. लावल्यावर मॉनिटरवर 'नो सिग्नल' हे शब्द इकडून तिकडे फिरले आणि दिवा नारंगी झाला.

एचडीएमआयमधून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. व्हीजीएला लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे कमीजास्त होणारे व्होल्टेज लागतात, आणि ओळ कुठे संपली, पडदा कुठे संपला हे सांगणारे दोन वेगळे संकेत लागतात. आकड्यांचं व्होल्टेज करणारी चिप मधे नसेल तर तारेने काहीच होत नाही. अशा काही केबलींच्या एचडीएमआय टोकाच्या जाड डोक्यात चिप असते. या केबलीचं डोकं साध्या एचडीएमआय केबलीइतकंच बारीक होतं, यावरूनच शंका यायला हवी होती.

मॉनिटरला पांढरं डीव्हीआय तोंड असतं तर गोष्ट वेगळी होती. डीव्हीआय आणि एचडीएमआय दोन्ही आकड्यांची भाषा बोलतात, त्यामुळे तिथे चिपशिवायची साधी केबलच चालते. फक्त आवाजाची सोय दुसरीकडून करावी लागते.

650 रुपये: उलटा डबा

आता चिप लागते हे कळलं होतं. मुलगा लातूरला शिकवणीची चौकशी करायला गेला, तेव्हा येताना एक काळा डबा घेऊन आला. डब्यावर एका बाजूला व्हीजीए, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय, वर आवाजाचं भोक, वीज घ्यायला यूएसबी. सगळं होतं, फक्त दिशा उलटी. तो डबा जुन्या संगणकाचं व्हीजीए चित्र नव्या टीव्हीच्या एचडीएमआयवर नेणारा होता. या घराला बरोबर उलटा हवा होता.

ही चूक सगळ्यात महागाची आणि सगळ्यात नेहमीची. दुकानात दोन्ही डबे एकाच खोक्यात पडलेले असतात, दिसायला जुळी भावंडं. "एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर द्या" म्हटलं की हाताला येईल तो मिळतो. मागताना "कन्सोलमधून एचडीएमआय निघतं, मॉनिटर व्हीजीए आहे" असं पूर्ण वाक्य बोलावं, आणि डब्यावर 'इन' कुठल्या तोंडाजवळ लिहिलंय ते स्वतः वाचावं. 'इन' एचडीएमआयजवळ हवं. थेट कन्सोलमध्ये खुपसायचा शेपटीवाला प्रकार असेल तर ओळख आणखी सोपी: आपल्याला हव्या त्या जिनसाला एचडीएमआयचा खुपसायचा भाग असतो आणि व्हीजीएचं भोक असतं. व्हीजीएच्या पिना बाहेर आलेल्या दिसल्या तर तो उलटा.

डबा परत घेतला गेला नाही, पुडकं फोडलेलं होतं.

380 रुपये: बरोबर डबा, तरी काळा पडदा

तिसऱ्या वेळी बरोबर दिशेचा डबा आला. त्याला दोन्हीकडे भोकं होती, म्हणजे कन्सोलची स्वतःची एचडीएमआय केबल एका बाजूला आणि मॉनिटरची जुनी व्हीजीए केबल दुसऱ्या बाजूला. थेट कन्सोलमध्ये खुपसायच्या शेपटीवाल्यापेक्षा हा प्रकार बरा. व्हीजीए केबल जाड आणि जड असते. तिचं सगळं वजन कन्सोलच्या एचडीएमआय तोंडावर लोंबलं की काही महिन्यांत ते तोंड आतून ढिलं होतं, आणि ते बदलून घ्यायचा खर्च या सगळ्या उद्योगापेक्षा जास्त.

सगळं जोडलं, कन्सोलचा दिवा पांढरा झाला, मॉनिटरचा दिवाही निळा राहिला. पण पडद्यावर चौकटीत शब्द आले: 'आउट ऑफ रेंज'. घरात पुन्हा निराशा. "लाईट लागायली पण चित्र काही येईना गेलंय," असं मामांना फोनवर सांगितलं गेलं. मामांनी विचारलं ते अगदी नेमकं होतं: "नो सिग्नल म्हणायलंय का आउट ऑफ रेंज?"

या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'नो सिग्नल' म्हणजे मॉनिटरपर्यंत काही पोचतच नाही: तार, दिशा, वीज, नाहीतर मेलेला डबा. 'आउट ऑफ रेंज' किंवा 'इनपुट नॉट सपोर्टेड' म्हणजे चित्र पोचलंय, पण मॉनिटरच्या आवाक्याबाहेरच्या मापाचं. दुसरा निरोप आला की खरेदी थांबवावी. पुढचं काम फक्त सेटिंगचं असतं.

इथे काय झालं ते असं. मॉनिटर 1366 बाय 768 ठिपक्यांचा. प्रत्येक मॉनिटर जोडल्यावर आपली मापं पलीकडच्याला कळवतो. स्वस्त डबे अनेकदा मॉनिटरचं म्हणणं पुढे न देता स्वतःचंच ठोकून देतात: "1080p चालेल." कन्सोल 'ऑटोमॅटिक'वर असल्याने त्याने विश्वास ठेवून 1920 बाय 1080 पाठवलं. मॉनिटरने हात वर केले.

उपाय म्हणजे कन्सोलला 720p वर आणणं. पण सेटिंग बदलायला पडदा दिसायला हवा, आणि पडदा दिसायला सेटिंग बदलायला हवं. यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. पहिला, आजीच्या मालिका सुरू व्हायच्या आत कन्सोल बैठकीतल्या टीव्हीला लावायचा, 'सेटिंग्ज'मध्ये 'साउंड अँड स्क्रीन', मग 'व्हिडिओ आउटपुट सेटिंग्ज', त्यात 'रिझोल्यूशन' 720p करायचं आणि मग मॉनिटरकडे न्यायचं. पाच मिनिटांचं काम. टीव्ही हाताशी असेल तर हेच करावं.

दुसरा रस्ता सेफ मोडचा, म्हणजे बिघाड दुरुस्त करण्यापुरतं कन्सोल सुरू करण्याचा. कन्सोल पूर्ण बंद करायचा, झोपवलेला नाही, बंद. मग पुढचं बटण दाबून धरायचं. दाबताच एक बीप येते, साधारण सात सेकंदांनी दुसरी. दुसरी ऐकली की बोट काढायचं. सेफ मोडमध्ये कन्सोल कमी मापाचं 480p चित्र पाठवतो, जे जवळजवळ कुठलाही व्हीजीए मॉनिटर दाखवतो. पडद्यावर सूचना येते की कंट्रोलर यूएसबी केबलने जोडा आणि मधलं पीएस बटण दाबा.

या घरात गाडी इथेच अर्धा दिवस अडली. केबल जोडली, बटण दाबलं, सूचना जागची हलेना. कंट्रोलरचा दिवा मात्र चार्जिंगचा लागत होता, म्हणून केबलवर कुणाचा संशय गेला नाही. ती पॉवर बँकेबरोबर आलेली बारीक केबल होती. अशा केबलीत अनेकदा विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन तारा नसतातच. एरवी वायरलेस चालणारा कंट्रोलर सेफ मोडमध्ये केबलीशिवाय ऐकत नाही, आणि नुसत्या चार्जिंगच्या केबलीवर तो कन्सोलला दिसत नाही. डेटाची मायक्रो यूएसबी केबल 70 रुपयांत आली. घेताना ती मोबाईल संगणकाला जोडून फोटो दिसतात का, हे दुकानातच बघून घेता येतं.

यादी उघडल्यावर दुसऱ्या क्रमांकावर रिझोल्यूशन बदलण्याचा पर्याय असतो. तो निवडला की कन्सोल पुन्हा सुरू होऊन 480p वर येतो, मग वरच्याच रस्त्याने 720p करायचं. यादीत खाली 'इनिशियलाइझ' अशी दोन नावं आहेत. त्यांना चुकूनही हात लावायचा नाही, गेम आणि सेव्ह सगळं पुसलं जातं.

720p वर उतरल्याने खेळ खराब होतो का, असं विचारलं जातं. 768 ओळींच्या पडद्यावर 1080 ओळी तशाही मावणार नव्हत्या. आणि 1080i च्या वाटेला जाऊ नये. ते एकाआड एक ओळीचं चित्र टीव्हीसाठी असतं, संगणकाचे बहुतेक मॉनिटर ते घेत नाहीत.

चित्र आलं, पण धुरकट आणि सरकलेलं

काळा रंग राखेसारखा दिसत होता. रात्रीच्या दृश्यात सगळं धुक्यात. याचं कारण रंगांची पट्टी. टीव्हीसाठीच्या चित्रात 0 ते 255 या पट्टीवर काळा 0 पासून नाही, 16 पासून धरतात आणि पांढरा 235 ला संपतो. डब्यातली चिप हे ताणून पूर्ण करत नसेल, तर मॉनिटर 16 ला राखाडीच दाखवणार. त्याच 'व्हिडिओ आउटपुट सेटिंग्ज'मध्ये 'आरजीबी रेंज' आहे, ते 'फुल' केलं आणि काळा काळा झाला. उलट, आधीच गडद दिसणाऱ्या मॉनिटरवर हेच केलं तर अंधारातले तपशील गिळले जातात. म्हणून डोळ्याने बघून ठरवायचं.

चित्र डावीकडे बोटभर सरकलेलं होतं आणि अक्षरांच्या कडा थरथरत होत्या. व्हीजीएमध्ये ठिपक्याची नेमकी जागा मॉनिटरला अंदाजाने ठरवावी लागते, म्हणून त्याच्या खालच्या पट्टीवर 'ऑटो' बटण असतं. मुलाने ते गेम लोड होताना, म्हणजे काळ्या पडद्यावर दाबलं होतं. मॉनिटर उजेडाची कड शोधतो. कडाच काळ्या असतील तर तो चित्र भलतीकडेच नेऊन बसवतो. कन्सोलच्या मुख्य पडद्यावर, जिथे रंग चारही कोपऱ्यांपर्यंत भरलेला असतो, तिथे 'ऑटो' दाबल्यावर चित्र जागेवर आलं. अक्षरं थोडी मऊ राहिली. 1280 ठिपके 1366 मध्ये पसरवायचे म्हटल्यावर तेवढं राहणारच.

चौकोनी, 1280 बाय 1024 च्या जुन्या मॉनिटरवर हेच केलं तर चित्र बहुतेक वेळा उंचीत ताणलं जातं, खेळाडू लांबोडके दिसतात. मेन्यूत 'आस्पेक्ट' असेल तर बरं, नसेल तर तसंच खेळायचं.

व्हीजीएत एखादा रंगच गायब झाला, समजा सगळं निळसर-हिरवं दिसायला लागलं, तर कन्सोलला दोष देऊ नये. केबलच्या तोंडातली पहिली पिन लाल रंगाची. ती वाकली की लाल जातो. टाचणीने हलकेच सरळ होते. आणि दोन्ही बाजूचे स्क्रू आवळायचे, ते शोभेला नसतात.

50 रुपये: आवाज

डब्याच्या आवाजाच्या भोकातून ऑक्स केबलने जुन्या संगणकाचे छोटे स्पीकर जोडले. आवाज आला, पण मागे सतत भुणभुण. स्पीकरची यूएसबी कन्सोलमध्येच खुपसलेली होती. वीजही तिथूनच आणि आवाजही तिथूनच आल्यावर दोन वाटांनी ग्राउंडच्या तारेचं वर्तुळ पूर्ण होतं आणि भुणभुण त्यात शिरते. स्पीकरची यूएसबी मोबाईलच्या जुन्या चार्जरमध्ये टाकली, भुणभुण गेली.

डब्यातून आवाजच येत नसेल तर आधी 'ऑडिओ आउटपुट सेटिंग्ज'मध्ये 'लिनियर पीसीएम' आहे ना ते बघावं. तरीही नाही, तर कन्सोलला पलीकडे आवाज घेणारं कुणी आहे हे कळलेलंच नसतं. अशा वेळी पैसे न घालता उपाय आहे: कंट्रोलरच्या बुडाशी हेडफोनचं भोक असतं. 'डिव्हायसेस'मध्ये 'ऑडिओ डिव्हायसेस', तिथे 'आउटपुट टू हेडफोन्स'ला 'ऑल ऑडिओ' करायचं. मोबाईलचे साधे इअरफोनही चालतात. खरं तर रात्री आजी झोपल्यावर हाच प्रकार जास्त उपयोगी पडतो.

वीज

पहिल्या संध्याकाळी चित्र मधूनच दोन सेकंद जात होतं आणि परत येत होतं. डब्याला स्वतःची वीज दिलेली नव्हती. एचडीएमआयच्या तोंडातून 5 व्होल्ट मिळतात खरे, पण खात्रीने मिळतो तो करंट फक्त 55 मिलीअँपिअर. चिपला त्याहून जास्त लागला की ती अधूनमधून मान टाकते. डब्याच्या मायक्रो यूएसबीला कन्सोलच्या पुढच्या यूएसबीतून केबल दिली, तक्रार संपली. इथे मात्र ती चार्जिंगची बारीक केबल चालली, कारण इथे वीजच हवी होती. कन्सोलचं दुसरं यूएसबी कंट्रोलर चार्ज करायला मोकळं राहिलं.

आणखी एक गोष्ट, जिचा खर्च शून्य आणि नुकसान मोठं. स्लिमची वीजेची केबल दोन पिनांची, अर्थिंगशिवायची. मॉनिटरची तीन पिनांची. कन्सोलच्या धातूच्या तोंडावर थोडा गळतीचा करंट असतो, कधी बोटाला मुंग्या आल्यासारखं वाटतं. चालू स्थितीत एचडीएमआय खुपसली की तो फरक त्या क्षणी तारेतून वाट काढतो, आणि चिप जायची ती तेव्हाच. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि तीन पिनांची अर्थिंग नावापुरती उरते. मग मॉनिटरच्या बॉडीलाही हात लावला तर झिणझिणतं. खड्ड्यात पाणी ओतायची जुनी पद्धत अजून तितकीच कामाची आहे. आणि जोडाजोड करताना दोन्ही बटणं बंद करून, सगळ्या तारा बसवून, मगच लाईट चालू करायची.

मॉनिटरबरोबर मामांनी 600 व्हीएचा जुना यूपीएसही दिला होता, बॅटरी मेलेली. 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी त्यात बसते. खेळताना स्लिम साधारण 80 वॉट घेतो, मॉनिटर वीसेक. नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं मिळतात, म्हणजे सेव्ह करून नीट बंद करायला भरपूर. खेळताना लाईट गेली तर कन्सोल पुढच्या वेळी सुरू होताना साठवण तपासत बसतो, आणि लिहिता लिहिता वीज तुटली तर सेव्ह बिघडू शकतं. बॅटरीचा खर्च वरच्या पाचशेत धरलेला नाही, ती अजून घ्यायची आहे.

दुसरा कन्सोल असेल तर

प्लेस्टेशन 3 ला हाच डबा लागतो, पण त्यात एक फरक आहे. एचडीएमआयवर नक्कल रोखणारं एचडीसीपी कुलूप असतं. प्लेस्टेशन 4 वर ते 'सिस्टिम'मध्ये जाऊन बंद करता येतं, मग डब्याची किंवा डीव्हीआय मॉनिटरची कुरकुर उरत नाही, फक्त काही व्हिडिओ ॲप चालत नाहीत. प्लेस्टेशन 3 वर ते बंद करायची सोयच नाही. त्यामुळे एका डब्यावर चित्र येतं आणि तसाच दिसणाऱ्या दुसऱ्यावर येत नाही. घेताना परत करायची बोली करूनच घ्यावा. बाहेरचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅप्चर काडीचंही प्लेस्टेशन 3 बरोबर याच कुलपामुळे जमत नाही.

प्लेस्टेशन 2 चं प्रकरण निराळंच. त्याच्या पिवळ्या तारेतलं चित्र सेकंदाला साधारण 15,700 ओळींचं, आणि व्हीजीए मॉनिटर 31,500 च्या खाली ऐकत नाही. त्याला ओळी वाढवणारा एव्ही-टू-व्हीजीए डबा लागतो, आणि स्वस्त डब्यात बटणाचा उशीर शिरतो. अडगळीत जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही पडलेला असेल, तर प्लेस्टेशन 2 साठी तोच झटकून घ्यावा.

उलटा आलेला 650 चा डबा मामांच्या केंद्रात कामी आला. तिथल्या एका जुन्या संगणकाचं चित्र आता भिंतीवरच्या टीव्हीवर दिसतं, अर्ज भरायला आलेल्यांना आपलं नाव नीट लिहिलंय का ते बघायला.